पाटावरचे अकरा कागद

करपलेली भाकरीसुद्धा दीपाच्या आठवडाभर लक्षात राहायची. मग रंगनाथशेठचे शब्द ती कुठून विसरणार?

श्रीरामपुरात साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या भीमराजने लेकीला कॉम्प्युटर घेऊन दिला, ते अठ्ठ्याण्णव साल. तिने घरातच क्लास काढला. क्लासला मुली वाढल्या, तेव्हा एक जुना कॉम्प्युटर आणला आणि पहिल्याचीच विंडोज त्यावर चढवली. एका परवान्यावर एकच कॉम्प्युटर चालवायचा असतो, हे तिला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर विकणाऱ्या रंगनाथशेठला ते कळलं. तो दारात उभा राहून, मुली आणि त्यांचे आईबाप ऐकत असताना म्हणाला, "चोरीचा माल हाय हा! तुमच्या लोकांला फुकटचीच सवय."

भीमराज मान खाली घालून आत गेला. ती मान दीपाच्या काळजात रुतली. आठवड्यात सहा मुलींनी क्लास सोडला.

चूक आपलीच, म्हणून तिने निमूटपणे त्याच शेठकडून दुसरा परवाना विकत घेतला. शेजारच्या सायलीने शेठकडूनच घेतलेल्या परवान्याशी सहज ताडून पाहिला, तर नंबर तोच! मेल्याने एकाच कागदाच्या झेरॉक्स गावभर विकल्या होत्या. दीपाला आनंद झाला, आणि तो काही चांगला आनंद नव्हता.

तिने ते कुणाला कळू दिलं नाही. राहुरीच्या मैत्रिणीकडून तिने विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी मिळवली. कितीही कॉम्प्युटरवर टाका, कुणालाही द्या, असं त्यावर छापलेलंच होतं. लिनक्सवर न चालणाऱ्या प्रिंटरने दोन महिने रडवलं, पण ती हटली नाही.

खंडेनवमीला शेठ दुकानातल्या यंत्रांची पूजा करी, गिऱ्हाइकांना पेढे देई. दीपाच्या घरी ही पूजा नसे, पण त्या वर्षी तिने शेठच्या गिऱ्हाइकांना घरोघरी जाऊन साळसूदपणे सुचवलं, "कॉम्प्युटर उचलून नेता येत न्हाई, तर त्याचा कागद तरी पुजायला न्या."

अकरा कागद पाटावर आले. भरल्या दुकानात, पूजेला आलेले कागद परत करायची शेठची छाती झाली नाही. दीपा पुढे झाली आणि एकेक नंबर मोठ्याने वाचू लागली. तिसऱ्यालाच लोक तिच्याबरोबर तोच नंबर म्हणू लागले. शेठच्या हातातली हळद तशीच राहिली.

दिवाळीपर्यंत अकराही घरांत दीपाने लिनक्स चढवली. मुली परत आल्या. शेठच्या दुकानात मात्र लोक आधी विचारत, "ती दीपाबाईची सीडी हाय का?"

अखेर तो तिच्या दारात आला. क्लास भरलेला होता.

"बाई, एक सीडी द्या," तो पुटपुटला.

"देते की. कशी पाहिजे? जरा मोठ्यानं सांगा, बाबा आत हायेत."

शेठ मोठ्याने म्हणाला, "फुकट."

भीमराज बाहेर आला. दीपाने सीडी त्याच्या हातात ठेवली. "बाबा, तुमीच द्या यांना."