तांबडा साबण

दोरसानीनं मला तोंड उघडायला लावलं. व्हरांड्यात, हात धुवायच्या तस्तापाशी, पाहुण्यांच्या देखत. तांबडा साबण पाण्यात बुडवून तिनं माझ्या जिभेवर घासला. दोनदा. मग दातांवरून. मी बत्तीस वर्षांची बाई, एका लेकीची आई, आ वासून उभी राहिले. फेस हनुवटीवरून गळ्यात उतरला. समोर चार वर्षांची मिसी उभी होती. दोरसानीची लेक. तिला दाखवायलाच हे चाललं होतं. आधी तिच्या आयाचं, म्हणजे माझं, तोंड धुतलं, मग तिचं.

मिसी रडली. मी नाही रडले. तोंडात साबण असला की रडताही नीट येत नाही.

आमच्या कुंभकोणात गोऱ्या साहेबाला दोरै म्हणतात आणि मडमेला दोरसानी. हा दोरै कलेक्टराच्या हाताखालचा होता. त्या दिवशी बंगल्यावर मेजवानी होती, कारण दोरै तमिळच्या परीक्षेत पास झाला होता. आठ महिने रोज सकाळी मुनशी यायचा. पायरीखाली जोडे काढायचा आणि उभ्या उभ्या शिकवायचा. दोरै खुर्चीत बसून घोकायचा. परक्या मुलखातला माणूस इथली भाषा शिकला म्हणून सगळे त्याची पाठ थोपटत होते. मुनशीनं आणलेला हार त्याच्या गळ्यात होता. पाद्री टाळ्या वाजवत होता.

आणि त्याच घरातली त्याची पोर, कुणी न शिकवता शिकलेली, धावत आली. सगळ्यांच्या मधोमध माझ्या लुगड्याला लोंबकळून म्हणाली, "अक्का, मज भूक लागली. दहींभात दे गे."

पाहुणे वळून बघू लागले. मग एक म्हातारी मडम हसली. मग सगळेच हसले. दोरसानीचा चेहरा लाल झाला. दोरैनं मुनशीकडे पाहिलं. आठ महिने शिकून त्याला आपल्या लेकीचं एक वाक्य कळलं नव्हतं. मुनशी दाराशी उभा होता. तो दोरैला समजावं म्हणून सावकाश तमिळमध्ये म्हणाला, "दोरै, ही इथली भाषा नव्हे. मराठी आहे. राजवाड्यातल्या नोकरांची बोली."

मुनशीला स्वतःला खुर्ची मिळत नव्हती. पण माझ्यावर थुंकायला त्याला एक पायरी मिळाली. तेवढ्यात त्याचं समाधान झालं असावं.

त्यानंतर साबण. आणि साबण झाल्यावर दोरै जवळ आला. चार वर्षांत तो माझ्याशी कधी बोलला नव्हता, जे सांगायचं ते बटलर सांगायचा. आता त्याला भाषा येत होती. त्यानं बोट नाचवलं आणि म्हणाला, "पेसादे!"

बोलू नकोस. परीक्षा पास झालेल्या दोरैचा माझ्यासाठीचा पहिला तमिळ शब्द हा.

माझी आई तंजावरच्या मराठे राजांच्या वाड्यात राणीसाहेबांच्या केसांना तेल लावायची. तिची आईही तेच करायची. राजा मुलगा न ठेवता गेला. मग इंग्रजांनी कुलपं लावली, आणि आमच्यासारख्यांना बोचकी उचलून बाहेर पडावं लागलं. कुणी कुठं, कुणी कुठं. आम्ही कुंभकोणालगतच्या मेलकावेरीला आलो. तिथं माझं लग्न झालं, तिथंच पटकीनं नवरा गेला. तानी तेव्हा पाच वर्षांची होती. बंगल्यावर आया हवी आहे असं कळलं आणि मी गेले. मिसी तेव्हा पंधरा दिवसांची होती. तिला मांडीवर घेतलं, आणि माझी पोर शेजारच्या फुलवालीच्या ओसरीवर वाढली. फुलवाली तमिळ. तिनं तानीला स्वतःच्या ताटातला घास दिला. हे मी विसरले तर माणूस म्हणवून घ्यायला नालायक ठरेन.

नदीवर पाणी भरताना बायका मला विचारायच्या, तुझं गाव कोणतं. मी म्हणायचे, हेच. त्या हसायच्या. "तुझ्या बोलण्यावरून नाही वाटत." आमच्या कित्येक पिढ्या या कावेरीचं पाणी पिऊन मेल्या. तरी तमिळ बायकांना मी परकी. मुनशीला मी नोकरांच्या बोलीची. आणि सात समुद्रांपलीकडून आलेला दोरै, त्याला चार वाक्यं येताच तो इथला झाला, गळ्यात हार पडला. हे मला तेव्हा नीट मांडता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा. मिसीजवळ असताना मी एक अक्षर काढायचं नाही. बटलरनं सांगितलं, "आता तू मुकी. बंगल्याच्या पायरीवर चपलेबरोबर जीभही काढून ठेव." तो हसला नाही. त्यालाही लेकरं होती.

मी कबूल झाले. का झाले? तानीच्या पोटासाठी. हे ऐकून कुणी हळहळू नये. मी कबूल झाले, एवढंच खरं.

मुक्यानं न्हाऊ घातलं. मुक्यानं भरवलं. मुक्यानं झोपवलं. पहिले दोन दिवस मिसीला तो खेळ वाटला. ती मला गुदगुल्या करायची, चिमटे काढायची, मी बोलावं म्हणून. तिसऱ्या दिवशी तिनं माझे ओठ दोन्ही हातांनी फाकवले आणि बोट आत घातलं. जीभ जाग्यावर आहे का ते बघत होती. तिला वाटलं, साबणानं ती विरघळली. मी बाहेर पळाले, केळीच्या बागेत जाऊन पदर तोंडात कोंबला आणि हुंदके दिले.

मग मिसीही बोलेनाशी झाली. मराठी नाही, इंग्रजीही नाही. दोरसानी तिच्यासमोर चित्रांची पुस्तकं धरायची, गोड गोड बोलायची. पोर भिंतीकडे बघायची. दोरसानी मला घालून पाडून बोलायची, मी पोरीवर काही करणी केली म्हणून. उत्तर द्यायची मला बंदी होती.

घरी आले तरी माझी जीभ हलेना. तानी नऊ वर्षांची झाली होती. दिवसभरात काय काय झालं ते सांगायची, फुलवालीनं किती गजरे केले, कुणाची बकरी कुणाच्या अंगणात शिरली. मी नुसती मान हलवायचे. एकदा ती रडत म्हणाली, "आई, तूं मजशीं रागावलीस कां गे? घरींही बोलत नाहींस." मला उत्तर द्यायचं होतं. आतून काहीच वर आलं नाही. त्या दिवशी मी नदीच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसले. पाणी भरपूर होतं. मनात काय आलं ते सांगत नाही. तानी मागून आली आणि माझा पदर धरून बसली, म्हणून उठले.

दोन महिन्यांनी मिसीला ताप आला. भर दुपारी ती तडफडू लागली. गोरा डॉक्टर आला, पोट दाबलं, जीभ पाहिली, इंग्रजीत काही विचारलं. पोर गप्प. मग तिनं डोळे उघडले आणि भडाभडा बोलायला लागली. सगळं मराठीत. "अक्का कोठें? मज कानांत दुखतें. आंत कोण तरी टोंचतो. अक्का, तूं बोल गे."

आई उशाशी, बाप पायथ्याशी, डॉक्टर मध्ये. तिघांनाही काही कळेना. मुनशीला बोलावलं. त्यानं कान लावून ऐकलं, नाही म्हणून मान हलवली. ही भाषा त्याच्या कामाची नव्हती. मग सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथं मी होते, पंखा हातात, तोंड मिटून.

दोरै म्हणाला, "सोल्लु!"

सांग. ज्या तोंडानं बोलू नकोस, त्याच तोंडानं सांग. कुलूप लावायचं त्यांनी, किल्ली फिरवायची त्यांनी, आणि मी नुसतं दार.

मी दोरैला काही सांगितलं नाही. सरळ आत गेले आणि पलंगावर बसले. त्या पलंगाला आजवर मी चादर घालण्यापुरताच हात लावला होता. मिसीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोलले. "आलें गे माझे बाये. एथेंच आहें. कोणता कान? हा? आतां बरा होईल." दोन महिन्यांचं साचलेलं सगळं बोलले. कुणी थांबवलं नाही. दोरसानी माझ्या तोंडाकडे बघत होती, स्वतःच्या लेकीचं दुखणं माझ्या तोंडून कधी बाहेर येतं याची वाट बघत. तेव्हा तिची कीव आली, खोटं कशाला सांगू. मग मी डॉक्टरला बोटानं डावा कान दाखवला. कानात गळू होतं. ते फुटलं, पू गेला, चार दिवसांत ताप उतरला.

मला वाटलं, आता सुटले. किती खुळी मी!

पाचव्या दिवशी बटलरनं निरोप दिला. दोरसानी खूष आहे. तुझ्या लेकीला पण कामाला घेऊन ये, मिसीशी खेळायला सोबत होईल. तानीला मी न्हाऊ घातलं, वेणीत फुलवालीनं दिलेला गजरा माळला, बंगल्यावर नेलं. तानी व्हरांड्यात उभी राहिली, सगळीकडे डोळे मोठे करून बघत होती. मिसी आतून धावत आली. तानीला बघून हसली. तानी म्हणाली, "तुझें नांव काय गे?"

दोरसानी बटलरला काही बोलली. बटलर खाली मान घालून आत गेला आणि बाहेर आला. त्याच्या हातात साबण होता. तो मला म्हणाला, "तुझ्या लेकीला दाखव म्हणतात. इथं बोललं की काय होतं ते. तूच दाखव. तू बोलायचं ते आम्ही विचारू तेव्हाच. बाकी दोघींनी मुकं राहायचं."

त्यानं साबण माझ्या हातात ठेवला. तानी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, तिला अंघोळीला काही दिलंय. तिनं हात पुढे केला.

त्या क्षणी मला माझी आई आठवली. राजवाड्याच्या मागच्या अंगणात तमिळ झाडूवाल्या बायका झाडताना आपसात बोलायच्या, हसायच्या. आई चौकटीत उभी राहून ओरडायची, "पेसादे!" राणीसाहेबांची झोप मोडते म्हणून. आईला तमिळ फारसं येत नव्हतं. हा शब्द मात्र स्वच्छ यायचा. त्या बायका मुकाट खाली बघून झाडायच्या. आणि मी, तानीएवढी, आईच्या मागे उभी राहून ऐटीत हसायचे. या मुलखात येऊन आम्हीही हाच शब्द आधी शिकलो होतो. तो मी माझ्या कानांनी ऐकला होता, आणि मला तो गोड वाटला होता.

मी साबण तस्तात टाकला. दोरै दारात आला होता. त्याच्याकडे बघून, त्याला कळेल अशा तमिळमध्ये म्हणाले, "पेसुवेन."

बोलेन.

तो पुढे आला. त्याला वाटलं असेल मी घाबरेन. मी पुन्हा तेच म्हणाले. तानीचा हात धरला आणि पायऱ्या उतरले. मागून मिसी किंचाळत होती, "अक्का! अक्का गे!" मी वळले नाही. वळले असते तर गेले असते परत. त्या हाकेनं माझं काळीज चिरलं ते अजून सांधलेलं नाही.

नंतरचं सोपं आहे, म्हणजे वाईट आहे. कुंभकोणातला एकही बंगला मला दारात उभं करीना. तानी नि मी उपाशी राहिलो. फुलवालीनं ओसरीवर एक टोपली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "बोलत बोलत बांध, हात भराभर चालतात." माझ्या तमिळची ती अजून थट्टा करते. करू दे. मी तिला मराठी शिव्या शिकवल्या आहेत.

महिन्यानं बटलर आला. पोर जेवत नाही, झुरत चालली आहे. मागच्या खोलीत, दार लावून, काय हवं ते बोल. पाहुण्यांपुढे तेवढी गप्प राहा. मी हार बांधत होते. हात थांबले. तानी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी बटलरला म्हणाले, "दोरैला सांग, लेकीशी बोलायचं असेल तर इथं ये. या ओसरीवर माझ्यासमोर बस. मी शिकवीन. मी उभी राहणार नाही आणि त्यानंही राहू नये."

दोरै आला नाही. येणार नाही हे मला ठाऊक होतं. मिसीला विलायतेला धाडलं असं पुढे कळलं. मला क्रूर म्हणायचं असेल तर म्हणा. त्या लेकरानं काही केलं नव्हतं. तिच्या हाकेला मी ओ दिली नाही, आणि याचं ओझं माझ्यावर आहे, ते मी दोरैच्या माथी ढकलत नाही.

गेल्या पावसाळ्यात तानी फुलवालीच्या नातीवर ओरडली. फुलं मोजताना ती पोर मधे मधे बोलत होती म्हणून. "पेसादे!" तसाच आवाज. आईचा. दोरैचा. माझा हात उठला. खाली घेतला. तानीला समोर बसवलं आणि साबणापासून सगळं सांगितलं. राजवाड्यातलं अंगण सांगितलं. मी हसले होते, तेही सांगितलं. ती उठली आणि त्या पोरीजवळ जाऊन बसली.

साबणाची चव अजून तोंडात आहे. जाऊ नये असंच मला वाटतं. तो शब्द माझ्या आईनं लोकांवर टाकला, दोरैनं माझ्यावर टाकला, मी दोन महिने गिळला. तानी तो कुणाला म्हणणार नाही. आणि तानीला तो जो कुणी म्हणेल, गोरा असो की मराठा की तमिळ, त्याला आधी माझं तोंड बंद करावं लागेल. ते आता होत नाही.