शेजारणीची पात

पासलीहून एसटीत बसले तेव्हा गावात भाताची लावणी चालू होती. आई खाचरातून तशीच आली होती. हात चिखलाचे, म्हणून बॅगेला हात लावला नाही. खिडकीखाली उभी राहून एवढंच म्हणाली, "शिक चांगली. पर संगतीच्या पोरींना मागं टाकून पळू नगंस." पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कोण कुणाला मागं टाकतं, हे आम्हा दोघींनाही कुठं ठाऊक होतं! मी मान हलवली.

गावात राहिले त्यांना सावड सांगायला नको. माझ्यासारखे बाहेर पडलेले विसरले असतील, म्हणून सांगते. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. प्रत्येकीच्या वाट्याला भाताचा एक पट्टा, ती तिची पात. आपली पात संपली म्हणून कुणी बांधावर चढत नाही. मागं राहिलेल्या शेजारणीच्या पातीत शिरायचं आणि सगळ्यांनी मिळून वर यायचं. बांधावर एकटी बसलेली बाई मी लहानपणी पाहिलीच नाही.

शेवटच्या वर्षी कॉलेजात एक कंपनी आली. त्यांना काय काय हवं ते पडद्यावर दाखवलं: कोडिंग, कम्युनिकेशन आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, टीमवर्क. मला हायसं वाटलं. हे तर आपण घरूनच घेऊन आलोय! आम्हा चौघींचा गट करून एका प्रोग्रॅमचे चार भाग वाटून दिले. एकमेकींना मदत करा, असंही सांगितलं. माझा भाग आधी झाला. शेजारची मुलगी अडकून रडकुंडीला आली होती. मी खुर्ची सरकवली, तिची चूक शोधली, तिचा भाग पुरा करून दिला. मग कुणी काय केलं ते सांगायची वेळ आली. ती उठली आणि फाडफाड इंग्रजीत सगळं सांगून मोकळी झाली, माझं नाव न घेता. मी फक्त माझ्या भागाचं सांगितलं. सावडीत केलेलं काम कुणी बोलून दाखवतं का?

तिची निवड झाली. मला कंपनीचे साहेब गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही चांगल्या हेल्पर आहात, पण पुढाकार दिसला नाही." हेल्पर! आमच्याकडं टेम्पोवर असतो तो. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पुढच्या मुलाखतीत मी फक्त स्वतःची टिमकी वाजवली. नोकरी लागली. आता हिंजवडीत बसते. शेजारच्याचं काम अडकलेलं दिसलं की हेडफोन घालते. दरवर्षी माझं कौतुकही होतं, चांगली टीम प्लेअर म्हणून.

यंदा सुट्टी काढून लावणीला गेले. कंबर मोडली, पण माझी पात सगळ्यांच्या आधी झाली. बांधावर चढले, हात धुतले, मोबाईल काढला. मेल बघून झाल्यावर मान वर केली, तर धाकटी काकी अजून मागंच होती आणि आई तिच्या पातीत शिरली होती. मी घाईनं उतरायला लागले, तशी आई हसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. बस तितंच. तुला आता सवय न्हाई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडतात ते घरच्या माणसावर. पाहुणीला बस म्हणतात.