प्रमोदिनीबाईंची घळ

अकोल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून प्रमोदिनीबाई राहायच्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. घळीचा धडा आला की फळ्यावर खडूनं दोन उभ्या रेघा जवळजवळ ओढायच्या आणि म्हणायच्या, "पाणी हजारो वर्षं दगड कापतं, तेव्हा कुठे माणूस जाईल एवढी वाट होते."

सव्वीस वर्षं त्यांनी त्या रेघा ओढल्या. घळ मात्र एकदाही पाहिली नव्हती. जन्म अमरावतीचा, नोकरी अकोल्याची. दोन्हीकडे काळी माती आणि कपाशी. उन्हाळ्यात ओळखीतले लोक चिखलदऱ्याला जायचे, तेव्हा बाई अमरावतीला भावाच्या घरी पापड लाटत असायच्या.

एकोणसाठ साली जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. आदल्या दिवाळीनंतर वर्गातली हिवरखेडची एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या गावापासून दोन कोसांवर आहे की असली घळ. कोरड्या ओढ्यातून जावं लागतं." त्या संध्याकाळी बाईंनी नवी वही आणली.

त्या वहीत काय नव्हतं! अकरा मुली, चार राहुट्या, चाळीस हात दोर, कंदील, पाण्याच्या घागरी, विंचवाचं औषध. पहिल्या दिवशी तेल्हाऱ्यावरून हिवरखेडपर्यंत मोटर, पुढे छकडे, ओढ्याच्या वाळूत मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी घळ, कारण दुपारी दगड तापतो. बरोबर दुसरी मोठी बाई हवी म्हणून त्यांनी मला धरलं. मी नुकतीच बी.ए. होऊन या घरी सून आले होते. सासूबाई म्हणाल्या, "जा, पण केसांत वाळू घेऊन येऊ नकोस."

शाळेचे चिटणीस मोरोपंत वकील. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

"योजना उत्तम आहे, बाई. पण लोकांच्या मुली आहेत. गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसानं जबाबदारी घेतल्याची चिठ्ठी आणा. चिठ्ठी नाही, तर सहल नाही."

म्हणून माघात आम्ही दोघी हिवरखेडला, त्या मुलीचे काका खुशालराव यांच्याकडे गेलो. चांगले शंभर एकरांचे धनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चिठ्ठी? आत्ता देतो. छकडे देतो, मानसं देतो. पन पोरी झोपतीन माह्या घरी."

"घळ इथून दोन कोस आहे हो. पहाटे निघून पोचेपर्यंत उन्हं वर येतील."

"मंग घळ नका पाहू! काहून, माह्या घराले छप्पर नाही? पाहुन्याच्या लेकी वाळूत झोपल्या तं तेल्हाऱ्यापर्यंत लोक नावं ठेवतीन मले."

बाईंनी समजावलं, विनवलं. खुशालराव हसून पान पुढे करायचे आणि परत तेच म्हणायचे. बाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा पाहवेना म्हणून मी उठून आत गेले.

आत खुशालरावांच्या मंडळी, मनकर्णाबाई, भाकरी थापत होत्या.

"काय हाय वो त्या घळीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही पाहिली नाही?"

"कोन नेईन? माहं माहेर दर्यापुराकडचं. तिथं ढेकूळ भेटते, खडा भेटत नाही. लगन करून इथं आली, तवापासून आंगनातून पहाड पाहतो. चाळीस वर्सं झाले. पहाडात बाईचं काय काम, म्हनतेत." मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "तुमच्या बाईले तरी पाहाले भेटो."

मी बाहेर येऊन बाईंच्या कानात हे सांगितलं. त्यांनी वही उघडली, अकरा मुलींच्या आणि आम्हा दोघींच्या नावांखाली आणखी एक नाव लिहिलं.

"बरं खुशालराव," त्या म्हणाल्या, "मुली तुमच्याच पाहुण्या. मग त्यांना रोडगे घालाल?"

"हे काय इचारनं झालं? तूप बोटावरून वाहीन!"

"घरात करता का रोडगे?"

"घरात?" खुशालराव मोठ्यानं हसले. "अहो, कनकेचे गोळे भाजाले गोवऱ्यांचा एवढा जाळ लागते, धूर होते. रोडगे वावरात नाही तं नदीवर."

"मग ओढ्यावर करा. घळीच्या तोंडाशी."

खुशालरावांचं हसू थांबलं.

"रोडगे भाजून जेवणं व्हायला रात्र होईल," बाई सावकाश म्हणाल्या. "भरल्या पोटी लेकींना छकड्यात हिंदकळत आणाल? आणि यजमान शेवटचा पाहुणा आडवा झाल्याशिवाय उठत नाही, असं आमच्या अमरावतीत म्हणतात. तुमच्याकडे काय रीत आहे, कोण जाणे."

"तेच हाय आमच्याकडं!" खुशालराव दुखावल्यासारखे म्हणाले.

"आणि वाढायला घरधनीण?"

आतली भाकरीची थाप थबकली. खुशालरावांनी दाराकडे पाहिलं. "ते तं लागनच," ते म्हणाले.

चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली. 'मुलींचे जेवण व मुक्काम माझेकडे. जागा: ओढ्याची वाळू. जबाबदारी माझी.' मोरोपंतांनी ती दोनदा वाचली. "मुक्काम त्यांच्याकडे, आणि जागा वाळू?"

"रोडगे घरात होत नाहीत, मोरोपंत."

मोरोपंतही वऱ्हाडचेच. त्यांनी सही केली.

फाल्गुनात आम्ही गेलो. ओढ्यावर पोचतो तर समोर दोन छकड्यांतून खाटा उतरत होत्या. "वाळूत झोपू देनार नाही म्हटलं होतं," खुशालराव म्हणाले. मुली खाटांवर झोपल्या, राहुट्या तशाच गुंडाळलेल्या राहिल्या.

सकाळी घळीच्या तोंडाशी बाई थांबल्या. आत गार अंधार होता, वर आभाळाची चिंधी. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते माणूस अचानक दारात दिसावं, तशा त्या उभ्या होत्या. मनकर्णाबाई त्यांना वळसा घालून आत शिरल्या आणि दोन्ही हात पसरून दोन्हीकडच्या दगडाला तळवे टेकवले.

"या ना बाई," त्या आतून म्हणाल्या. "तुमचीच तं हाय."

पुढच्या आठवड्यात धाकट्या वर्गाला घळीचा धडा होता. मुली सांगतात, बाईंनी रेघा नेहमीपेक्षा जवळ ओढल्या आणि मध्ये हात पसरलेली एक नऊवारीतली बाई काढली.

"ही कोण, बाई?"

"हिवरखेडच्या मनकर्णाबाई," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "घळीची रुंदी यांच्या दोन हातांएवढी. लिहून घ्या."