चकचकीत वजन

दिघीच्या जेट्टीवर सुकट विकणारी ती बाई मला दहा वर्षं माहीत आहे, नाव मात्र कधी विचारलं नाही. फेरीबोट यायच्या आधी ती तराजूचं किलोचं लोखंडी वजन ओल्या वाळूने खसाखस घासायची. खाऱ्या वाऱ्याने रोज गंज चढायचा, रोज ती तो उतरवायची. "गंजलेल्या वजनानं मापू न्हाय, बाय. पाप लागतं," म्हणायची. बाकीच्यांची वजनं काळीकुट्ट, हिचं चांदीसारखं. "तिच्याकडूनच घ्या, माप चोख असतं," असं मी कितीजणांना सांगितलं असेल!

काल वजनमाप खात्याचे साहेब तपासणीला आले. एका पारड्यात त्यांनी आपलं पितळी वजन ठेवलं, दुसऱ्यात तिचं. तिचं पारडं सरळ वर गेलं. मी हबकलेच. वजनाच्या बुडाशी भरलेल्या शिशावरचा सरकारी शिक्कासुद्धा पुसून गेला होता.

"घासून घासून झिजवलंत की हो बाई," म्हणत साहेबांनी ते जप्त केलं.

तिने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली. "तू तर दर आठवड्याला नेतेस. कधी कमी भरलं न्हाय?"

घरी मी एकदाही तोलून पाहिलं नव्हतं. वजन इतकं चकचकीत होतं, तोलायचं कशाला?