परकीय धोरण आणि आमचा टँकर

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेरीला नव्या रंगाचा वास होता आणि साहेब लोकांना कार्यक्रमांची हौस. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहून गेला होता. मग शाळांची वक्तृत्व स्पर्धा ठेवली. विषय काय, तर युद्धातून सावरणाऱ्या देशाविषयी परकीय सरकारचं धोरण. दुष्काळावर याहून जालीम उपाय कुठला असणार!

रेणापूरजवळच्या आमच्या शाळेतून मला निवडलं. आई म्हणाली, "ते देशाचं ऱ्हाऊ दे. साहेब भेटला की टँकरचं सांग."

टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. आम्ही बौद्धवस्तीतले, तिथं आमचा पोहरा चालत नव्हता. गावातल्या कुणाला सवड झाली, की तो पाणी शेंदून आमच्या हंड्यात वरून ओतणार. तोवर आई उन्हात बसून राहायची. तिच्या त्या बसण्याची मला भयंकर चीड यायची.

स्पर्धेत गुरुजींनी घोकून घेतलेलं भाषण मी सोडूनच दिलं. म्हटलं, "परकं सरकार मदत पाठवतं, पण ती उतरते बड्यांच्या दारात. ज्यांचं सगळं गेलं, त्यांनी भांडं घेऊन बसायचं आणि कुणी ओतेल तेव्हा घ्यायचं. त्यांच्या हातात का देत नाहीत?"

टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणून बसलेल्या कलेक्टर साहेबांनी पहिला नंबर दिला.

"साहेब, हे आमच्या गावच्या टँकरचं आहे," मी म्हणाले.

"वा, उदाहरण छान दिलंस! पण परराष्ट्र धोरण आपल्या जिल्ह्याच्या अखत्यारीत येत नाही."

पालथ्या घड्यावर पाणी! वर साहेबांनी माझा सत्कार आमच्या वस्तीतच करायचं ठरवलं.

सत्काराच्या सकाळी टँकर पहिल्यांदा वस्तीत आला. बाया हंडे घेऊन धावल्या. पण पाणी रस्त्यावर मारायचं होतं, साहेबांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून. आई सरळ पाइपाखाली हंडा धरून उभी राहिली.

"बाई, सरका. साहेब यायलेत," ड्रायव्हर ओरडला.

"येऊ दे की. धूळ काय खाती का त्यांला?"

तो हॉर्न वाजवत राहिला. आई हलली न्हाई ती न्हाईच, आणि तिच्यामागं सगळ्या बाया उभ्या राहिल्या. साहेब कोरड्या रस्त्यानं आले आणि धुळीनं पांढरेफटक होऊन जीपमधून उतरले. मला हार घालताना ते दोनदा शिंकले.

सत्काराला आई आली नाही. ती घरी डोक्यावरून न्हात होती, स्वतःच्या हातानं भरलेल्या पाण्यानं.