ताटाची डावी बाजू

"ताट बघा की, चाटूनपुसून साफ! ह्याला आजारी कोन म्हनंल?"

काका ओसरीवर बसून शेजाऱ्यांना सांगत होते. मी आत मोरीपाशी तेच ताट हातात धरून उभी होते. पप्पांचं ताट. अन्नाचा कण उरला नव्हता, हे खरं. पण उजवा अर्धा भाग कालवणानं माखलेला आणि डावा अर्धा कोरडा, धुऊन ठेवल्यासारखा. मी ते तसंच धरून राहिले. आईनं येऊन माझ्या हातातून ताट काढून घेतलं आणि नळाखाली धरलं. इतकी घाई कशाला, असं मला वाटलं.

गेल्या हंगामात कारखान्यावरून परत येताना पप्पांची मोटारसायकल अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. डोक्याला मार बसला. नगरच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा चालत होते, बोलत होते, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नावानं ओळखत होते. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. पण दाढी अर्धीच करायचे. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा, आणि शिव्या चौकटीला.

मग थेरपी सुरू झाली. मेंदूला मार बसलेल्यांना रोजची कामं पुन्हा शिकवणारं एक छोटं केंद्र नगरला आहे. तिथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "यांचे डोळे चांगले आहेत. पण डावीकडे काही आहे, याची दखलच मेंदू घेत नाही. आणि आपलं काही सुटतंय, हे त्यांना स्वतःला कळत नाही." त्यांनी टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. आधी मान वळवून लाल पट्टी शोधायची, मग कामाला लागायचं. घरी ताटाच्या डाव्या बाजूला लावायला तसल्याच पट्टीचं एक रीळही दिलं.

त्या रिळाचं पुढं काय झालं ते मला ठाऊक होतं. मोरीतल्या तडकलेल्या मगाच्या कानाला आईनं ती लाल पट्टी गुंडाळली होती. मी विचारलं तर म्हणाली, "चार मानसांत ताटाला पट्ट्या लावून जेवायला ते काय ल्हान पोर हाये?"

आता ऊस तोडणीला आला होता. काकांना पप्पा पुन्हा ट्रॅक्टरवर हवे होते. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यापर्यंत न्यायच्या, तर पप्पांसारखा हात पंचक्रोशीत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. "दादाला स्टेअरिंग दिलं की डोस्कं आपोआप ताळ्यावर यील. बसून मानूस सडतो." पप्पाही दिवसातून दहादा ट्रॅक्टरभोवती फिरायचे. थेरपीवाल्या मॅडम हो म्हणाल्याशिवाय चालवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सगळं पुढच्या भेटीवर आलं होतं.

आमच्या गावाच्या रस्त्याला डाव्या कडेनंच सगळे चालतात. सायकलवरची पोरं, डोक्यावर उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, वाढ्यांचे भारे घेतलेल्या तोडणीच्या बायका. मी त्या कडेकडे बघायला लागले होते.

शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे घरात माझं नाव 'मॅडम' पडलं आहे. मी कमी बोलते, म्हणून गर्विष्ठ. खरं तर मला गावच्या बोलीत लगेच उत्तर सुचत नाही, आणि सुचतं तोवर विषय निघून गेलेला असतो. मग मी बघत बसते.

ताटाचं कोडं सुटायला फार वेळ लागला नाही. आमच्याकडे ताटाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, ठेचा, कांदा. कालवणाची वाटी उजवीकडे. कुणालाही असंच वाढतात, हात आपोआप तसाच जातो. पण पप्पांना वाढताना आईचा हात वेगळा जायचा. भाकरी, वाटी, ठेचा, मीठ, सगळं उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं. मला आधी वाटलं, चुकली असेल. मग काकांना नेहमीसारखं वाढलेलं पाहिलं. ती चूक नव्हती.

एके दुपारी आई रानात गेली होती. पप्पांना मी वाढलं, जसं वाढतात तसं. मी त्यांची परीक्षा घेत होते आणि ते मला आवडत नव्हतं. पप्पांनी वाटी संपवली, भाकरीचा उजवीकडचा अर्धा भाग मोडून खाल्ला आणि माझ्याकडं पाहिलं.

"आज ठेचा न्हाई व्हय?"

"आहे की."

"कुठं?"

मी बोट दाखवलं. त्यांनी मान वळवली, आणखी थोडी वळवली. ठेचा दिसला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. ओशाळा झाला नाही, सावध झाला.

"मघाशी नव्हता," ते हळूच म्हणाले. "तू आत्ता ठेवलास."

त्यानंतर मी वाढायला आले की ते ताटाकडे नाही, माझ्या हातांकडे बघायचे. घरात एकमेकांच्या हातांवर नजर ठेवणारी आम्ही तीन माणसं झालो होतो. ते माझ्या, मी आईच्या, आणि आई माझ्या.

भेटीच्या दिवशी काकांनी जीप काढली. आई मागं माझ्या शेजारी बसली होती. मी मनात एक वाक्य जुळवत होते, इंग्रजीत. मॅडमना ते कळलं असतं, बाकी कुणाला नाही. नगर येईपर्यंत ते वाक्य मी अगदी गुळगुळीत करून ठेवलं.

केंद्रातल्या शांत खोलीत पप्पांनी कागदावर छापलेल्या सगळ्या चांदण्या शोधून त्यांवर बरोबर रेघा मारल्या. डाव्या कडेच्यासुद्धा. लाल पट्टी समोरच होती.

"छान! खूप सुधारणा आहे," मॅडम पप्पांना म्हणाल्या.

"मंग ट्रॅक्टर?" काका पुढं सरकले.

"थांबा. हे कागदावर झालं, तेही इथे, गडबड नसताना. घरी कसं आहे? जेवताना डावीकडचं राहतं का?"

"कशाचं ऱ्हातंय! ताट धुयाची गरज पडत न्हाई. इचारा वहिनीला."

"ताई?"

आईनं पदर सारखा केला. "सगळं खात्यात," ती म्हणाली. ते खोटं नव्हतंच. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "तू काही सांगणार आहेस का?"

"ती कशाची बोलतीया!" काका हसले. "मोबाईलात बघून डाक्टर झालीय. इंग्लिशमदी इचारा, मंग बोलंल."

इंग्रजी वाक्य जिभेवर तयार होतं. मी तोंड उघडलं, आणि पप्पा माझ्याकडे बघताना दिसले. ठेचा दिसल्यावर बघितलं होतं तसंच, सावध. मी त्यांच्या डोक्यावरून, त्यांना न कळणारं काही बोलले असते, तर त्यांचा संशय खराच ठरला असता. सगळी मिळून त्यांच्यापासून काहीतरी लपवतो आहोत, हा. आणि तो खोटा तरी कुठं होता?

मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर, उजवीकडं घेतली. आईचा हात माझ्या दंडाला लागला. तो मला अडवत होता की नुसता लागला होता, ते मला आजही सांगता येत नाही.

"पप्पा," मी म्हणाले, "ठेचा तेव्हाही ताटात होता. मी नंतर ठेवला नव्हता. तो डावीकडं होता, म्हणून तुम्हाला दिसला नाही. आई तुमचं सगळं जेवण रोज उजवीकडं वाढते. रस्त्यावरची माणसं अशी उजवीकडं सरकवता येणार नाहीत. ट्रॅक्टर आत्ता नका चालवू."