एकवीस दिवस घागर नको

माझ्या बायकोनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही आणि मी सगळ्यांना खोटी सांगितली, म्हणून आता लिहितो आहे.

निजामाचं राज्य होतं. मी टेंभुर्णीत मास्तर होतो. पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरून यायचं, म्हणजे बायको आणायची. डोक्यावर घागर, घागरीवर कळशी, दिवसाला सहा-सात खेपा. एका उन्हाळ्यात तिची मान आखडली आणि कानात आवाज सुरू झाला. भर दुपारी म्हणायची, "रातकिडे ओरडून राह्यले."

"कामाचा कंटाळा आला की शिरतात ते कानात," मी म्हणायचो.

लसणीचं तेल घालून झालं, उपयोग झाला नाही. मग तिनं खालाला बोलावलं. खाला म्हणजे बाळंतिणींची अंगं चोळणारी मुसलमान म्हातारी. सारा गाव तिला खालाच म्हणायचा. तिनं कानाकडे पाहिलंसुद्धा नाही. करडईचं तेल कोमट केलं, कवटीखाली दोन्ही अंगठे रोवले आणि डोकं सावकाश एका बाजूला वळवलं. बायको एकदम म्हणाली, "तिथंच, खाला! आवाज बारीक झाला."

"मास्तरसाब, कान में कुछ नहीं, गर्दन में है. मैं रोज आतीऊँ. मगर इक्कीस दिन सर पे घागर नक्को."

"मंग पाणी?" मी विचारलं.

"तुम्हारे कंधे नहीं क्या?"

बायको हसली. ते हसू मला झोंबलं.

चार दिवस मी खांद्यावरून पाणी आणलं. पारावर बसलेले रोज वाट पाहायचे. "मास्तर, नांदायला आलात जणू! सांडू नका, सासू रागावंल." बायांनी पदर तोंडाला लावले. चौथ्या दिवशी घरी आलो तर बायको म्हणाली, "आज चिमण्या ऐकू आल्या. आवाज त्यांच्या खाली गेलाय." माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. पारावरचं हसणंच डोक्यात होतं.

पाचव्या दिवशी मी खालाला दारातच अडवलं. "आजपासून यायचं न्हाई. मान मोडशील तिची."

बायको आतून ओरडली, "अहो, उतरून राह्यलाय आवाज! सतरा दिवस तर राह्यले!"

"बिलकुल गप्प."

खाला तेलाची वाटी घेऊन तशीच माघारी गेली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पाणी आणणं का सोडलं याला कारण हवं होतं. संध्याकाळी पारावर सांगितलं, "म्हातारीनं मान पिरगाळली, बायको थोडक्यात वाचली." लोकांना पटलं. ती मुसलमान होती, म्हणून आणखी जल्दी पटलं. बाळंतिणींच्या घरांची दारं तिला बंद झाली. वर्षाच्या आत ती बदनापूरला लेकीकडे निघून गेली.

बायको पुन्हा घागर उचलू लागली. आवाज परत आला, पहिल्यापेक्षा मोठा. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी हाक मारली तरी कधीकधी वळायची नाही. ऐकू येत नव्हतं की ऐकायचं नव्हतं, हे विचारायची मला छाती झाली नाही.

आठ वर्षांनी तिला रडताना पाहिलं. दोन्ही तळवे कानांवर दाबून भिंतीशी बसली होती. मी बदनापूर गाठलं. खालानं ओळखलं, पण बस म्हणाली नाही.

"पानी कौन लाता?"

"मीच."

ती जवळ आली. माझ्या खांद्यावर अंगठा रोवून तिनं दाबून पाहिलं.

"इस कंधे ने कुछ नहीं उठाया. जाओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर खांद्यावर घेतली. बायको दारात उभी होती.

"खाला येणार?"

मी नाही म्हणालो.

"मंग ठेवा ती खाली," ती म्हणाली. "लोक हसतील तुम्हाला."

मी तसाच निघालो. पारावर चौघे बसले होते. कुणीही हसलं नाही.